स्वगत आणि मोनोलॉग: ऐकणारा कोण, यावर ठरणारा फरक

अभिनयाच्या वर्गात नव्याने आलेले विद्यार्थी कोणतेही लांबलचक भाषण दिसले की त्याला सरसकट ‘स्वगत’ म्हणतात, आणि चाचणीसाठी मोनोलॉग तयार करून आणायला सांगितले की पुष्कळदा एखादे गाजलेले स्वगत पाठ करून येतात. दोन्हींत एकच नट बराच वेळ बोलत असतो आणि व्यापक अर्थाने स्वगत हा मोनोलॉगचाच एक प्रकार मानला जातो, त्यामुळे ही गल्लत समजण्यासारखी आहे. तालमीत मात्र दोन्हींची तयारी इतकी वेगळी करावी लागते की हा फरक पाठांतराला बसण्याआधीच स्पष्ट व्हायला हवा.

मोनोलॉगमध्ये पात्र रंगमंचावरील दुसऱ्या पात्राशी किंवा जमावाशी बोलते आणि ते बोलणे त्यांना ऐकू जाते. स्वगतात पात्राच्या मनात चाललेले विचार प्रेक्षकांना ऐकू येतात, पण नाटकातील इतर पात्रांना ते ऐकू येत नाहीत, असा संकेत असतो.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकाच्या तिसऱ्या अंकात एकाच पात्राच्या तोंडी हे दोन्ही प्रकार लागोपाठ येतात, म्हणून नवशिक्यांनी तो अंक अवश्य वाचावा. सीझरचा खून करणारे निघून गेल्यावर त्याचा मित्र अँटनी प्रेताजवळ एकटा उरतो, मारेकऱ्यांशी आपण नरमाईने वागलो याबद्दल सीझरची क्षमा मागतो आणि रोमवर यादवी ओढवेल असे भाकीत करतो. शब्द सीझरला उद्देशून असले तरी ते ऐकणारे जिवंत पात्र तेथे नाही, त्यामुळे हे स्वगत ठरते. पुढच्याच प्रवेशात तो नागरिकांसमोर अंत्यविधीचे भाषण करतो. तेथे तो मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या ब्रूटसला पुन्हा पुन्हा ‘सन्माननीय’ म्हणतो, गहिवरल्यामुळे थांबतो, आणि त्या थांबण्याच्या अवधीत नागरिक आपापसांत बोलू लागतात. मग मृत्युपत्राचा उल्लेख, मग सीझरचा फाटलेला झगा. प्रत्येक टप्प्यावर जमावाचे मत किती बदलले याचा अंदाज घेतल्याशिवाय अँटनीला पुढचे वाक्य उच्चारता येणार नाही. आधीच्या प्रवेशातल्या अँटनीला कोणाचेही मन वळवायचे नव्हते.

यावरून रंगमंचावर एकटा असेल तर स्वगत आणि चारचौघांत असेल तर मोनोलॉग, असा सोपा नियम काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (1967) या नाटकाच्या शेवटी आरोपीच्या पिंजऱ्यातल्या बेणारेबाईंना बोलण्यासाठी दहा सेकंद दिली जातात. त्यानंतरचे त्यांचे दीर्घ भाषण भरलेल्या रंगमंचावर होते, पण तेवढा वेळ बाकीची पात्रे गोठलेली असतात, आणि भाषण संपल्यावर खटला जणू त्या काही बोलल्याच नाहीत अशा रीतीने पुढे सरकतो. मराठी रंगभूमीवरील मला सर्वांत अस्वस्थ करणारे स्वगत हेच आहे, कारण ज्यांनी ऐकायला हवे होते ते सगळे समोर असूनही त्यांतल्या एकालाही ते ऐकू जात नाही.

आणखी दोन शब्द याच गोंधळात सापडतात. एका पात्राने इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने दुसऱ्याशी बोलणे म्हणजे जनांतिक. संस्कृत नाटकात त्यासाठी त्रिपताक हस्त (अनामिका वाकवलेली हस्तमुद्रा) आडवा धरण्याचा संकेत होता. एकपात्री हा तर प्रयोगाचा प्रकार आहे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटेच पन्नासहून अधिक पात्रे उभी करीत आणि त्यांतली बहुतेक एकमेकांशी बोलत, तेव्हा एकपात्री म्हणजे स्वगत नव्हे.

तयारीविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. मोनोलॉगची तालीम आरशासमोर करू नये. समोर एखाद्या सहकाऱ्याला बसवावे आणि त्याला कधी मान फिरवायला, कधी मध्येच उठायला सांगावे, म्हणजे आपले वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचते आहे की नुसते म्हटले जाते आहे, हे लगेच कळते. स्वगतात असा आधार नसतो. तेथे पात्राचा विचार कोठे वळतो त्या जागांवर संहितेत पेन्सिलीने खुणा कराव्यात आणि पॉज त्या जागांवरच घ्यावा, केवळ श्वास संपला म्हणून घेऊ नये. मनातले बोलणे आहे म्हणून पुटपुटणे हा स्वगतातला नेहमीचा दोष आहे, कारण पात्र स्वतःशी बोलत असले तरी नटाच्या आवाजाची फेक शेवटच्या रांगेपर्यंत जायलाच हवी. स्वगत म्हणताना नजर प्रेक्षकांना द्यायची की त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे ठेवायची, हे दिग्दर्शकाशी बोलून तालमीच्या सुरुवातीलाच ठरवावे, कारण नजर मिळताच प्रेक्षक त्या पात्राच्या गुपिताचे भागीदार होतात आणि मग प्रत्येक वाक्याचा सूर बदलतो.