बहुपदीची संमिश्र मुळे

चलाच्या जागी जी संख्या घातली असता बहुपदीची किंमत शून्य येते, ती त्या बहुपदीचे मूळ. ते अ + ब√−१ अशा रूपाचे असेल आणि ब शून्य नसेल, तर त्याला येथे संमिश्र मूळ म्हटले आहे (काटेकोर बोलायचे तर वास्तव संख्याही संमिश्रच). शाळेत वर्गसमीकरणाचा विवेचक (सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या) ऋण आला की ‘वास्तव मुळे नाहीत’ एवढे लिहून उदाहरण संपते. ही नोंद तिथून पुढची.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘न मूलं क्षयस्यास्ति’ असे स्पष्टच सांगितले होते : ऋण संख्या कशाचाच वर्ग नसते, म्हणून तिला वर्गमूळ नाही. इटलीत जिरोलामो कार्दानो याने १५४५ मध्ये १० चे असे दोन भाग शोधले की ज्यांचा गुणाकार ४० येईल. उत्तर आले ५ ± √−१५. ताळा जुळला, तरी हे उत्तर त्याला निरुपयोगीच वाटले. खरी गरज दाखवली ती राफाएल बोंबेल्लीने, १५७२ मध्ये. क्ष³ = १५क्ष + ४ याचे ४ हे मूळ डोळ्यांना दिसते, पण घनसमीकरणाचे सूत्र लावले की २ + √−१२१ आणि २ − √−१२१ यांच्या घनमुळांची बेरीज समोर येते; √−१२१ म्हणजे ११√−१. बोंबेल्लीने (२ + √−१)³ = २ + ११√−१ हे ओळखले; मग २ + √−१ आणि २ − √−१ यांची बेरीज ४ होते.

ज्या बहुपदीची कोटी (चलाचा सर्वांत मोठा घात) ‘म’ आहे, तिला, पुनरावृत्त मुळे तितक्या वेळा मोजली तर, बरोबर ‘म’ मुळे असतात. हा बीजगणिताचा मूलभूत सिद्धांत. जर्मन गणितज्ञ गाउसने १७९९ मध्ये त्याची सिद्धता दिली. तिच्यातली एक फट पुढे बुजवावी लागली. सहगुणक वास्तव असतील तर संमिश्र मुळे अ ± ब√−१ अशी जोडीनेच येतात. सहगुणकच संमिश्र असतील तर ही हमी नाही, हे अनेकदा विसरले जाते.

हाताने सोडवताना आधी एखादे सोपे मूळ पकडावे. क्ष³ − ७क्ष² + १७क्ष − १५ मध्ये ३ घातल्यावर शून्य येते. क्ष − ३ ने भागल्यावर क्ष² − ४क्ष + ५ उरते आणि त्याची मुळे २ ± √−१, म्हणजे बोंबेल्लीचीच जोडी. ताळ्यासाठी क्ष = २ + √−१ घेऊ : वर्ग ३ + ४√−१, घन २ + ११√−१. वास्तव भाग २ − २१ + ३४ − १५ = ०, काल्पनिक भाग (√−१ चा सहगुणक) ११ − २८ + १७ = ०. दोन्ही भाग वेगवेगळे शून्य व्हायला हवेत. शिवाय मुळांची बेरीज ७ आणि गुणाकार १५ हेही सहगुणकांशी जुळते.

पाचव्या कोटीपासून पुढे, केवळ चार मूलभूत क्रिया आणि मूळ काढणे यांवर चालणारे सर्वसाधारण सूत्रच नाही (नॉर्वेचा गणितज्ञ आबेल, १८२४). मग आकडेमोडीच्या पद्धती येतात. न्यूटनच्या पद्धतीत एका अंदाजावरून पुढचा, अधिक जवळचा अंदाज काढत जातात; ती वापरताना एक साधी अडचण आहे. सहगुणक वास्तव असताना पहिला अंदाजही वास्तव घेतला, तर पुढचे सगळे अंदाज वास्तवच राहतात. क्ष² + १ ची मुळे अशाने कधीच सापडणार नाहीत. सुरुवातच वास्तव रेषेबाहेरून करावी लागते.

उत्तर घालून किंमत शून्याजवळ आली, एवढ्याने मूळ बरोबर ठरत नाही. (क्ष − १)⁴ मध्ये क्ष = १.०१ घातले तर किंमत ०.०००००००१ येते, पण मुळाच्या किमतीतली चूक ०.०१ आहे. याच बहुपदीच्या अचल पदातून ०.०००००००१ वजा केले, तर मुळे १ ± ०.०१ आणि १ ± ०.०१√−१ होतात : चारही वास्तव मुळांपैकी दोन संमिश्र झाली!

ब्रिटिश गणितज्ञ जेम्स विल्किन्सनचे उदाहरण याहून धक्कादायक आहे, कारण तिथे मुळे एकमेकांना चिकटलेलीही नाहीत. १ ते २० या पूर्णांकांना मुळे मानून त्याने बहुपदी घेतली. तिच्यात १९व्या घाताचा सहगुणक −२१० असतो. तो सुमारे ०.००००००१२ ने कमी केल्यावर २० पैकी १० मुळे संमिश्र झाली. त्यांतली एक जोडी साधारण १६.७३ ± २.८१√−१. म्हणून संगणकाने संमिश्र मूळ दाखवले की सहगुणक किंचित हलवून किंवा जास्त दशांश स्थळे ठेवून आकडेमोड पुन्हा करतात. ते मूळ आपल्या जागेवरून फार सरकले, तर दोष बहुतेक वेळा पद्धतीत नसतो, त्या बहुपदीतच असतो.