पंखांवरून कीटक ओळखण्याची रीत कुठून आली

घरमाशी, मधमाशी, गांधीलमाशी आणि कपाशीवरची पांढरी माशी. मराठीत चारही माश्याच, पण कीटकशास्त्राच्या हिशेबात यांतली एकटी घरमाशी खरी माशी. मधमाशी आणि गांधीलमाशी मुंग्यांच्या गणातल्या, तर पांढरी माशी मावा-तुडतुड्यांची भाऊबंद. हा नुसता नावांचा घोळ नाही. पांढरी माशी पिल्लावस्थेपासून पानाच्या मागच्या बाजूला बसून रस शोषते. फळमाशी ही खरी माशी, तिची अळी फळाच्या आत गर खाते. गट चुकला, की कीड शोधायची जागाच चुकते.

हा घोळ सोडवण्याची पहिली युक्ती, पंख मोजणे, सुमारे 2,300 वर्षांपूर्वीची आहे. ॲरिस्टॉटलने दोन पंखांचे आणि चार पंखांचे कीटक वेगळे काढले. त्याचे एक निरीक्षण आजही उपयोगी पडते: दोन पंखांच्या कीटकाचा डंख पुढे असतो, चार पंखांच्याचा मागे. डास तोंडाने टोचतो, मधमाशीची नांगी पोटाच्या टोकाला असते. भुंगेऱ्यांचे ‘कोलिऑप्टेरा’ हे नावही त्याच्याच ग्रंथांतले. ‘कोलिऑस’ म्हणजे म्यान, ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख.

या धाग्याची रीतसर पद्धत केली ती स्वीडनच्या कार्ल लिनियसने. ‘सिस्टेमा नॅच्युरी’ या त्याच्या ग्रंथाच्या 1758 च्या दहाव्या आवृत्तीत त्याने कीटकांचे सात गण मांडले आणि सगळ्यांची नावे पंखांवरून ठेवली. डिप्टेरा दोन पंखांचे, लेपिडॉप्टेरा खवल्यांच्या पंखांचे (फुलपाखरे, पतंग), हायमेनॉप्टेरा पातळ पडद्यासारख्या पंखांचे, हेमिप्टेरा अर्ध्या पंखांचे, न्यूरॉप्टेरा शिरांच्या जाळीचे, कोलिऑप्टेरा म्यानपंखी आणि ॲप्टेरा बिनपंखी. चुका बऱ्याच होत्या. झुरळ आणि नाकतोडा भुंगेऱ्यांत गेले, चतुर न्यूरॉप्टेरात. ॲप्टेरात तर उवा-पिसवांबरोबर कोळी, विंचू, खेकडे आणि गोमही होती. तरी सातांपैकी बहुतेक नावे आज चालू आहेत, कारण पंखांची ठेवण सहसा खोटे बोलत नाही.

पंख मोजताना मात्र घाई नडते. मधमाशीचा मागचा पंख लहान असतो आणि त्याच्या पुढच्या कडेवरच्या बारीक आकड्यांनी तो पुढच्या पंखाला अडकलेला असतो, त्यामुळे एका बाजूला एकच पंख दिसतो. मेलेली मधमाशी घेऊन टाचणीच्या टोकाने पुढचा पंख हलकेच पुढे ओढला, की आकडे सुटतात आणि दुसरा पंख वेगळा होतो. खऱ्या माशीत तिथे दुसरा पंख नसतोच. त्या जागी देठावर गाठ असावी तसा छोटा अवयव असतो, तो संतुलक. 10 पट भिंगातून तो स्पष्ट दिसतो. तो काढला तर माशीला नीट उडता येत नाही, हे 18व्या शतकाच्या सुरुवातीलाच लक्षात आले होते. फुलांवर घिरट्या घालणाऱ्या, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या सिरफिड माश्या हमखास मधमाश्या समजल्या जातात. त्यांना संतुलक असतात, मिशा आखूड आणि डोळे मोठे.

भुंगेरा आणि ढेकण्या (हेमिप्टेरा गणातला) यांतही अशीच गफलत होते. भुंगेऱ्याचे कडक पुढचे पंख पाठीवर मधोमध एका सरळ रेषेत मिळतात. ढेकण्याचे पंख एकमेकांवर चढतात. त्यांचा अर्धा भाग जाड आणि टोक पातळ असते, आणि पंखांच्या मुळाशी त्रिकोणी ढाल दिसते. शंका राहिली तर कीटक उलटा करावा: भुंगेऱ्याला चावायचे जबडे, ढेकण्याला छातीखाली दुमडलेली सोंड. तोंड पाहण्याचा हा आग्रह लिनियसचा शिष्य फॅब्रिसियस याचा. 1775 मध्ये त्याने सगळी वर्गवारी मुखांगांवर बेतली. त्याचे बहुतेक गण टिकले नाहीत, पण चतुर-टाचण्यांचा ‘ओडोनाटा’ त्याचाच, आणि तेही नाव दातांवरून. कपाशीच्या बोंडांवरच्या लाल ढेकण्याचे वर्णनही त्याने त्याच वर्षी केले. त्याला दिलेले ‘कोनिगाय’ हे नाव तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीत राहिलेल्या कोनिग या निसर्गअभ्यासकाचे.

पुढे 1898-99 मध्ये अमेरिकेत कॉमस्टॉक आणि नीडहॅम यांनी पंखांतल्या शिरांना सर्व गणांसाठी एकच नावे दिली, तेव्हा एकाच गणातली कुळे शिरांवरून वेगळी काढणे सोपे झाले.

पंखांची रीत जिथे अडते, ती जागा म्हणजे बिनपंखी कीटक. पिल्लांना पूर्ण पंख नसतात, कामकरी मुंगीला नसतात, आणि पिठ्या ढेकणाच्या नराला एकच जोडी असल्याने तो माशी वाटतो. लिनियसने वाळवीही ॲप्टेरात टाकली होती. नंतर पंखवाल्या वाळवीचे चारही पंख सारखे म्हणून ‘आयसॉप्टेरा’ असा स्वतंत्र गण झाला. 2007 मध्ये डीएनएच्या अभ्यासातून वाळवी झुरळांच्याच वंशातली ठरली आणि त्या गणाचे वेगळे स्थान गेले.

ओळखीसाठी मात्र ते सारखे पंख अजूनही कामाचे आहेत. पहिल्या पावसानंतर दिव्याखाली पंख गळून पडलेले दिसले, तर त्यांची लांबी ताडून पाहावी. पुढचे मोठे, मागचे लहान असतील तर ते मुंग्यांचे; त्यांची कंबर बारीक आणि मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. सगळे एकाच मापाचे असतील तर वाळवीचे, आणि मग चौकटी, कपाटांच्या पाठी आणि भिंतीवरच्या मातीच्या नळ्या त्याच दिवशी तपासाव्यात.