सहस्पर्धा : साखर कारखाने आणि उसाची पळवापळवी

सहस्पर्धा : एकाच धंद्यातले प्रतिस्पर्धी काही कामांत एकत्र येतात आणि त्याच वेळी एकमेकांवर मातही करू पाहतात, त्या स्थितीला सहस्पर्धा म्हणता येईल. व्यवस्थापनशास्त्रात ‘कोऑपिटिशन’ ही संज्ञा १९९० च्या दशकात रूढ झाली. महाराष्ट्रातले सहकारी साखर कारखाने मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून अशा नात्यात वावरत आले आहेत.

प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. पुढे कारखाने वाढत गेले, तशी एकट्याला न पेलणारी कामे वाटून घेणेही आले. राज्य सहकारी साखर कारखाना संघ सरकारदरबारी सर्वांची बाजू मांडतो. पुण्याजवळ मांजरीला १९७५ मध्ये स्थापन झालेली वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट बेणे, माती, यंत्रसामग्री यांवर सर्वांसाठी संशोधन करते. चांगला वाण शेजारच्या कारखान्यालाही मिळाला, म्हणून कोणी हळहळत नाही. भांडण होते ते उसावरून.

ऊस तोडला की दर तासाला त्याचा उतारा, म्हणजे त्यातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटतो. तो साठवून ठेवता येत नाही आणि फार लांब नेणेही परवडत नाही. त्यामुळे ज्याच्याशी रोज सल्लामसलत चालते, तो शेजारचा कारखानाच खरा प्रतिस्पर्धी ठरतो. १९८४ च्या झोनबंदीने प्रत्येकाचे कार्यक्षेत्र राखून दिले होते. ती १९९७ मध्ये उठली आणि शेतकऱ्याला पटेल तिथे ऊस घालण्याची मोकळीक मिळाली. ती त्याच्या हक्काचीच होती. ऊस मुबलक असतो तेव्हा या मोकळिकीचा कोणाला त्रास होत नाही, उलट आपला ऊस वेळेत तुटावा म्हणून शेतकरीच कारखान्यात खेटे घालतो. दुष्काळात पारडे फिरते. २०१६-१७ च्या हंगामात राज्याचे साखर उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे ८४ लाख टनांवरून ४२ लाखांवर आले. अशा वर्षी एकाच गटाची नोंद दोन कारखान्यांत असते, दोघांचे चिटबॉय (तोडीची चिठ्ठी देणारे कर्मचारी) एकाच बांधावर येऊन उभे राहतात, आणि ‘तोड उद्याच देतो’ म्हणणाऱ्याची ट्रॉली आधी भरते.

दराचा ताण वेगळा. हंगामाच्या तोंडावर शेतकरी संघटना पहिली उचल, म्हणजे ऊसदराचा पहिला हप्ता, मागतात, तेव्हा जिल्ह्यातले कारखाने एकत्र बसून आकडा ठरवू पाहतात. त्यातला एखादा पुढे होऊन जास्त दर जाहीर करतो आणि ‘कोंडी फुटते’. बाकीचे मनातून चिडतात, पण आठवडाभरात त्याच आकड्याच्या आसपास येतात.

सर्वांत नाजूक दुवा ऊसतोड टोळ्यांचा. तोडणीचा दर साखर संघ सर्व कारखान्यांच्या वतीने कामगार संघटनांशी ठरवतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली. दर सामायिक असला तरी टोळी ज्याची त्याने मिळवायची. म्हणून टोळी आणणाऱ्या मुकादमाला द्यायच्या उचलीत, म्हणजे आगाऊ रकमेत, चढाओढ लागते. काही मुकादम दोन कारखान्यांची उचल घेऊन एकाकडेच जातात, तर कुठे पैसे घेऊन टोळी येतच नाही. असे मुकादम कोण, हे कारखान्यांनी एकमेकांना वेळीच कळवले तर फसवणूक कमी होईल. पण टोळीची गरज असलेला कारखाना शेजाऱ्याला ते सांगायला बिचकतो. विश्वास कमी पडतो तो इथे, आणि त्याची झळ कोयत्यावरच्या, म्हणजे जोडीने ऊस तोडणाऱ्या, नवरा-बायकोला बसते. उचल मुकादमाच्या हातात जाते आणि फिटेपर्यंत राबायचे मात्र त्यांनी.

या चढाओढीचा खर्च कारखान्याच्या दाराशी राहणाऱ्या सभासदालाही सोसावा लागतो. तोडणी-वाहतुकीचा खर्च सरासरीने काढून एफआरपीतून, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, वजा करण्याची पद्धत राज्यात रूढ आहे. शेजाऱ्याच्या हद्दीतून साठ-सत्तर किलोमीटरवरचा ऊस ओढून आणला की सरासरी चढते, आणि दोन किलोमीटरवरून बैलगाडीने ऊस घालणाऱ्याच्या बिलातूनही तितकीच रक्कम कापली जाते.