मानेतले टायटॅनियम नेमके काय करते?

नागपूरच्या धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या न्यूरोसर्जनच्या दवाखान्याबाहेर बसले, की नातेवाइकांच्या बोलण्यात एक समजूत हमखास ऐकू येते. मानेत टायटॅनियमचे स्क्रू टाकले की मान जन्मभरासाठी ताठ होते आणि पुढे सगळा भार त्या स्क्रूंवरच राहतो, असे म्हटले जाते. यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, तर दुसरा जवळजवळ पूर्ण चुकीचा.

मानेचे मणके सात असले, तरी पहिले दोन इतरांपेक्षा अगदी वेगळे असतात. पहिला मणका म्हणजे डोक्याचा भार पेलणारे नुसते कडे असते, आणि दुसऱ्या मणक्यातून वर आलेला हाडाचा दंत त्या कड्यात शिरलेला असतो. जात्याची वरची तळी मधल्या खिळ्याभोवती फिरावी, तसा पहिला मणका या दंताभोवती फिरतो, आणि मान डावी-उजवीकडे वळवण्याची सुमारे निम्मी क्षमता या एकाच सांध्यातून मिळते. दंताला मागून जखडून ठेवणारा आडवा अस्थिबंध अपघातात तुटला, संधिवाताने झिजला किंवा डाउन सिंड्रोममध्ये जन्मतःच सैल असला, तर कडे पुढे सरकते. मान पुढे वाकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये दंत आणि कडे यांतील अंतर प्रौढांमध्ये ३ मिलिमीटरहून अधिक दिसले, की डॉक्टर सावध होतात, कारण दंताच्या मागेच मज्जारज्जू असतो आणि त्यावर येथे जबर दाब आला तर हातापायांबरोबर श्वासही थांबू शकतो. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची हौस किंवा ‘मणका सरकला’ म्हणून हाडवैद्याकडून मान ओढून घेणे अशा माणसाच्या जिवावर बेतू शकते.

असे सरकणारे मणके स्थिर करण्यासाठी पूर्वी या दोन मणक्यांच्या मागच्या कमानी तारेने बांधत. त्यामुळे मान पुढे वाकणे रोखले जाई, पण वळणे पुरेसे रोखले जात नसे, कारण तार सांध्यापासून दूर, मागच्या बाजूला असे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तेव्हा असलेले डॉ. अतुल गोयल यांनी १९९४ मध्ये सहकाऱ्यासह प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्क्रू थेट सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या भरीव हाडांत, म्हणजे हालचाल जिथे होते तिथेच, बसवले जातात. पहिल्या मणक्यात दोन, दुसऱ्यात दोन, आणि प्रत्येक बाजूची जोडी प्लेटने सांधलेली. २००१ मध्ये जर्मनीतील हार्म्स आणि मेल्चर यांनी प्लेटऐवजी रॉड आणि डोके हव्या त्या कोनात कलणारे स्क्रू वापरले. दोन्ही मणक्यांत स्क्रू वेगवेगळ्या कोनांतून शिरत असल्याने ही कलण्याची सोय फार मोलाची ठरते. साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीच्या स्क्रूच्या आतल्या बाजूला मज्जारज्जू असतो, आणि मेंदूला रक्त नेणारी कशेरुका धमनी दुसऱ्या मणक्यातल्या छिद्रातून बाहेरच्या बाजूने वर चढून पहिल्या मणक्याच्या मागच्या कमानीवरून वळसा घेते. काहींमध्ये ही धमनी दुसऱ्या मणक्यात नेहमीपेक्षा उंच आणि आतल्या बाजूला वळते, त्यामुळे स्क्रूसाठी हाडच उरत नाही. अशा वेळी मणक्याच्या मागच्या कमानीच्या आतून आडवा स्क्रू घालण्याचा पर्याय निवडतात. म्हणूनच रोबोटिक शस्त्रक्रियेच्या जाहिरातींपेक्षा शस्त्रक्रियेपूर्वी सीटी अँजिओग्राफीचे, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनचे, बारकाईचे वाचन मला अधिक महत्त्वाचे वाटते.

एवढे करूनही धातूचे काम तात्पुरतेच असते. सांध्यातली कूर्चा खरवडून तिथे रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचे तुकडे भरतात आणि स्क्रू-रॉड दोन्ही मणक्यांना हलू न देता धरून ठेवतात, तोवर काही महिन्यांत दोन मणक्यांचे एकच हाड तयार होते. ते झाले नाही, तर सततच्या सूक्ष्म हालचालीने टायटॅनियमही थकून मोडू शकते किंवा स्क्रू सैल होतात. हाड जुळले, की वळण्याची ती निम्मी क्षमता मात्र गमवावी लागते. खालचे मणके मोकळे असल्याने मान उरलेली निम्मी वळते, आणि गाडी मागे घेताना खांद्यासकट वळण्याची सवय लावून घ्यावी लागते. हाड जुळण्यात खोडा घालणाऱ्या गोष्टींत निकोटिन वरच्या क्रमांकावर आहे, कारण ते रक्तवाहिन्या आकसवून रोपण केलेल्या हाडाचा रक्तपुरवठा कमी करते. त्यामुळे नागपुरात शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच डॉक्टरांना रुग्णाला खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) बंद करायला सांगावे लागते, आणि हाड जुळल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसेपर्यंत ती बंदी उठत नाही.