‘विभाजन दिसत नाही’ म्हणून स्लाइड परत पाठवण्याआधी
(सूत्री विभाजनाच्या तयार स्लाइड घेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांसाठी)

परत आलेल्या खोक्यात चिठ्ठी ठरलेली असते: “सर्व पेशी सारख्याच दिसतात. विभाजन कुठेही नाही. कृपया बदलून द्यावी.” आम्ही ती स्लाइड आमच्या मायक्रोस्कोपखाली ठेवतो, आणि बहुतेक वेळा मिनिटभरात चारही अवस्था सापडतात. मग तीच स्लाइड पुसून तुमच्याकडे परत रवाना होते. तोवर तुमची प्रात्यक्षिकाची तासिका हुकलेली असते. सूत्री विभाजन म्हणजे काय, एका पेशीच्या दोन सारख्या पेशी कशा होतात, हे शिकवणाऱ्यांना आम्ही काय सांगावे? पण स्लाइडवर ते नेमके कुठे शोधायचे, एवढे सांगणे आमचे काम आहे.

सगळी गडबड कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर होते. तिच्यावर मुळाच्या टोकाचा उभा छेद असतो. अगदी टोकाला मूलटोपी असते. तिच्या पेशी झिजण्यासाठीच असतात, तिथे विभाजन शोधू नका. टोपीच्या लगेच मागे, जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात, विभाजी ऊती, म्हणजे सतत विभागणाऱ्या पेशींचा समूह, असते. पेशी लहान, चौकोनी, विटांसारख्या खेटून बसलेल्या, आणि केंद्रक एवढे मोठे की निम्मी पेशी त्यानेच भरलेली. जे बघायचे ते इथेच. याच्या मागे पेशी लांबट होऊ लागतात, त्यांच्यात मोठी रिक्तिका (द्रवाने भरलेली पिशवी) तयार होते आणि केंद्रक एका कडेला ढकलले जाते. या पेशींनी विभाजन थांबवून वाढ धरलेली असते. गंमत अशी की याच पेशी सर्वांत स्वच्छ आणि देखण्या दिसतात, त्यामुळे नजर तिथेच रेंगाळते आणि विद्यार्थी तीच आकृती वहीत काढतात.

चुकण्याचे दुसरे कारण मायक्रोस्कोपच आहे. तो प्रतिमा उलटी दाखवतो. मुळाचे टोक स्लाइडवर तुमच्याकडे असेल तर भिंगातून ते पलीकडे दिसते, आणि स्लाइड उजवीकडे सरकवली की चित्र डावीकडे पळते. हे विसरले की आपण टोकाकडे निघालो असे वाटते, पण पोचतो मुळाच्या वरच्या अंगाला. त्यात सुरुवातच ४०एक्सच्या वस्तुभिंगाने (४० पट मोठे दाखवणाऱ्या) केली तर विचारायला नको. १०एक्स नेत्रभिंगाबरोबर ४०एक्सचे दृश्यक्षेत्र साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असते. म्हणजे आपण मुळावर कुठे आहोत याचा पत्ताच लागत नाही.

म्हणून आधी ४एक्स. या भिंगाखाली टोक जवळजवळ सगळेच नजरेत येते. निमुळती बाजू गाठा, मूलटोपी ओलांडून किंचित मागे या, आणि तो भाग बरोबर मध्यभागी आणा. मगच १०एक्स. आता काही केंद्रके इतरांपेक्षा गडद आणि खरबरीत दिसतील. त्यातले एखादे मध्यावर घेऊन ४०एक्स लावा आणि यापुढे फक्त सूक्ष्म समायोजन फिरवा. स्लाइड उलटी, म्हणजे कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) खाली, ठेवली असेल तर ४एक्सवर सगळे ठीक दिसते, पण ४०एक्सवर काही केल्या फोकस होत नाही. मग जोर लावला जातो आणि काच तडकते. अशी तडकलेली स्लाइड आम्ही बदलून देत नाही, हे नम्रपणे सांगतो.

जागा बरोबर सापडली तरी बहुतेक पेशी ‘नुसत्याच’ दिसतील, आणि तसेच दिसायला हवे. पेशीच्या आयुष्यातला बराचसा काळ अंतरावस्थेत, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात, जातो. या काळात ती आराम करत नसते. डीएनएची दुसरी प्रत याच वेळी तयार होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचे चक्र साधारण २४ तासांचे असते, आणि त्यात प्रत्यक्ष विभाजन तासाभराचे. आमची स्लाइड म्हणजे कांद्याचे मूळ रसायनात बुडवले त्या क्षणी गोठलेली गर्दी. जी अवस्था जास्त वेळ टिकते, तिच्यातल्या पेशी जास्त सापडतात. म्हणून पूर्वावस्था भरपूर मिळते: केंद्रकात धाग्यांचा गुंता, केंद्रकी (केंद्रकातला गडद ठिपका) नाहीशी होत चाललेली. मध्यावस्थेत गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर एका ओळीत येतात. पश्चावस्था चटकन उरकते, तिच्यासाठी शोधाशोध करावी लागते. पण एकदा दिसली की विसरत नाही. गुणसूत्रांचे दोन गट दोन ध्रुवांकडे निघालेले, शेंडी धरून ओढावे तसे गुणसूत्रबिंदू (तंतू जिथे जोडतात ती जागा) पुढे आणि बाहू मागे फरपटत. अंत्यावस्थेत दोन टोकांना दोन गडद गोळे दिसतात आणि मध्ये नव्या भिंतीची पुसट रेघ. या चारही अवस्था पुस्तकातल्या क्रमाने एकाच दृश्यक्षेत्रात हव्या असतील तर तक्ता घ्यावा. तोही आमच्याकडे आहे.

“कांद्याच्या पेशीत तारे दिसत नाहीत, रंग नीट चढला नसावा,” अशीही तक्रार येते. रंग चढलेला आहे. प्राण्यांच्या पेशीत ज्याच्याभोवती असे तारे दिसतात ते तारककेंद्र कांद्याच्या पेशीत नसतेच, गुणसूत्रे ओढणारे तर्कुतंतू त्याच्याविनाच तयार होतात. ताऱ्यासारखे फाकलेले तंतू बघायचे तर प्राण्याची पेशी हवी. म्हणून जोडसंचात आम्ही व्हाइटफिश माशाच्या भ्रूणाची स्लाइड देतो. भ्रूणाच्या त्या सुरुवातीच्या काळात पेशी झपाट्याने विभागत असतात, त्यामुळे शोधायलाही फारसे कष्ट पडत नाहीत. तिथे काही पेशींत केंद्रकच दिसणार नाही. पेशी मोठी आणि छेद पातळ, त्यामुळे पाते केंद्रकाच्या वरून किंवा खालून गेलेले असते. तो दोष नव्हे.

खरा फरक शेवटी, परिकलविभाजनात, म्हणजे पेशी प्रत्यक्ष दुभंगताना, दिसतो, आणि दोन्ही स्लाइड शेजारी ठेवल्या की शिक्षकाला फार बोलावे लागत नाही. प्राण्याच्या पेशीला बाहेरून खाच पडते. अ‍ॅक्टिन आणि मायोसिनचे कडे नाडी ओढून पिशवीचे तोंड बंद करावे तसे आवळत जाते. वनस्पतीच्या पेशीभोवती ताठ भिंत, ती आवळणार कशी? तिथे काम आतून सुरू होते. गॉल्जी संकुल या पेशीतल्या अंगकाकडून आलेल्या पिटुकल्या पिशव्या मध्यावर जमतात, एकमेकींत मिसळतात, आणि पेशीपट्टिका (नव्या भिंतीची सुरुवात) मध्यापासून कडांकडे वाढत जाऊन जुन्या भिंतीला भिडते.

जाता जाता: वॉल्टर फ्लेमिंग यांनी सॅलमँडरच्या अळ्यांच्या पेशी रंगवून हे धागे पाहिले आणि १८८२मध्ये या क्रियेला ‘मायटोसिस’ हे नाव दिले ते धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. सूत्र म्हणजे धागा; आपला ‘सूत्री’ शब्दही तेच सांगतो.

मागणी नोंदवताना तेवढे बघा. कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड वेगळी. तिच्यात पेशीरचना उत्तम दिसते, पण तो पापुद्रा पूर्ण वाढलेला असतो, विभाजन मिळणार नाही. कांद्याची १६ गुणसूत्रे मोजायची असतील तर उभा छेद नको, स्क्वॅश स्लाइड मागवा. त्यात कांद्याचे मूळ आम्लात मऊ करून दाबलेले असते, पेशी एका थरात पसरतात. कोल्चिसिन हे रसायन दिलेला प्रकारही आहे. त्यात तर्कुतंतू बनूच दिलेले नसतात, म्हणून गुणसूत्रे सुटी आणि ठसठशीत दिसतात. मात्र त्यात पश्चावस्था शोधत बसू नका.

काही जण विचारतात, विभाजी भागाभोवती खूण का करून देत नाही? पूर्वी शाईने करत होतो. डाग समजून ती पुसली जायची. आता सांगितल्यास काचेच्या मागच्या बाजूला हिऱ्याच्या टोकाने बारीक वर्तुळ कोरून देतो, वेगळे पैसे न घेता. आमचे मत विचाराल तर विद्यार्थ्याने ती जागा स्वतः शोधावी, प्रात्यक्षिकातले निम्मे शिकणे त्यातच आहे. पण तासिका ३५ मिनिटांची आणि मायक्रोस्कोप दोनच असतील तर खूण मागवा, आम्ही नाव ठेवणार नाही.

एवढे करूनही दिसले नाही तर स्लाइड जरूर पाठवा. सोबत लेबलवरचा क्रमांक आणि कोणत्या भिंगाखाली पाहिली ते लिहा. आणि पाठवण्यापूर्वी स्वच्छ करायची म्हणून झायलीन या द्रावकाचा बोळा फिरवू नका. कव्हरस्लिप ज्यावर चिकटलेली असते, तेच त्यात विरघळते.