‘गोपनीय’ शेरा वेगळा, कलम ८ वेगळं

माहिती अधिकाराच्या अर्जावर सर्रास येणारं उत्तर असं असतं : ‘सदर माहिती गोपनीय स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ खाली सही आणि शिक्का. कलम कोणतं, अपील कुणाकडे, यातलं काहीच नाही. पुष्कळ अर्जदार इथेच नाद सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

नस्तीवर ‘गोपनीय’ हा शेरा कार्यालय स्वतः मारतं. कागद कुणी हाताळायचा, कुठल्या कपाटात ठेवायचा, एवढ्यापुरती ती अंतर्गत सोय. नागरिकाला नकार द्यायचा तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ मधलं कलम दाखवावं लागतं, बहुतेक वेळा कलम ८. त्याच्या पहिल्या पोटकलमात (क) ते (ञ) अशी दहा कारणं आहेत : देशाची सुरक्षा, व्यापारी गुपितं, तपासात अडथळा वगैरे. कागदावर शिक्का आहे, हे त्यात कुठेच नाही. शिवाय कलम ७(८) प्रमाणे नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कळवावाच लागतो. नकार रास्त होता हे सिद्ध करण्याचा भारही कलम १९(५) नुसार अधिकाऱ्यावरच.

मग १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम? दोन्ही कायद्यांत विसंगती आली, तर कलम २२ नुसार माहिती अधिकारच वरचढ. राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात केंद्राने या जुन्या कायद्याचाही आधार घेऊन न्यायालयात सादर झालेल्या कागदपत्रांवर हरकत घेतली होती. एप्रिल २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली.

आणि कलम ८ लागू झालं तरी अख्खी नस्ती अडवता येत नाही. निविदेत कंपनीचं गुपित असेल, तर कलम १० नुसार तेवढाच मजकूर झाकून बाकीची पानं द्यायची. कलम ८(२) तर सांगतं, की लोकहिताचं पारडं जड असेल तर न देण्याची सूट असलेली माहितीही देता येते. कलम ८(१) मधल्या वैयक्तिक माहितीच्या खंड (ञ) मधली लोकहिताची अट २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने काढली. मला तो बदल घातक वाटतो, आणि म्हणूनच आता ८(२) वर बोट ठेवायला शिकलं पाहिजे.

महाराष्ट्रात पहिलं अपील ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’ या ठरलेल्या नमुन्यात, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून करायचं. कारणांच्या रकान्यात सरळ लिहा : ‘जन माहिती अधिकाऱ्यांनी कलम ८(१) मधील कोणत्याही खंडाचा उल्लेख न करता माहिती नाकारली आहे.’