स्टालिनग्राडवर कोणतं पुस्तक घ्यावं? आधी दप्तरं कधी उघडली ते बघा

नौपाड्यात आमच्या पाच-सहा जणांची महिन्यातून एकदा बैठक असते. पुस्तकं, चहा आणि बराचसा वाद. गेल्या खेपेला भाचा आला होता, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक झेलत. वय चोवीस. युद्धाचे गेम खेळून खेळून आता त्याला 'खरं काय झालं' ते वाचायचं होतं. "मामा, स्टालिनग्राडवरचं एकच चांगलं पुस्तक सांग."

टेबलावर तीन होती. त्यानं तिन्हींत एकच प्रसंग शोधला, गेममुळे माहीत असलेला: सोव्हिएत नेमबाज झायत्सेव्ह आणि त्याला टिपायला जर्मनीहून खास पाठवलेला तो मेजर. १९७३ च्या विल्यम क्रेगच्या पुस्तकात ते द्वंद्व रंगवलेलं सापडलं. १९९८ च्या अँटनी बीव्हरनं त्यावर शंका घेतलेली. कारण त्यानं दिलंय ते असं, की नेमबाजांच्या पराक्रमाची बारीकसारीक बातमी मॉस्कोला कळवणाऱ्या राजकीय विभागाच्या अहवालांत या द्वंद्वाचा उल्लेखच नाही. तिसरं जर्मन फील्ड मार्शल मान्श्टाइनच्या आठवणींचं. त्यात अर्थातच काही नाही, तो शहरात नव्हताच.

"मग खरं कोणतं?" याचं उत्तर द्यायला मला तासभर लागला. तोच तास इथे मांडतोय, वादावादी वगळून.

लढाई थोडक्यात. १९४२ च्या उन्हाळ्यात जर्मन सैन्य कॉकेशसच्या तेलाकडे निघालं आणि जर्मन सेनापती पाउलसची सहावी आर्मी व्होल्गाकाठच्या स्टालिनग्राडकडे वळली. २३ ऑगस्टला विमानांनी शहर जाळलं. त्याच दिवशी जर्मन रणगाडे शहराच्या उत्तरेला नदीकाठी पोचले. मग गल्ली, जिना, तळघर. ट्रॅक्टर कारखाना, बारिकादी आणि क्रास्नी ओक्त्याबर हे कारखाने, धान्याचा एलेव्हेटर म्हणजे उंच कोठार, मामायेव्ह टेकडी. १९ नोव्हेंबरला सोव्हिएत फौजांनी शहराबाहेरच्या, जर्मनांच्या मित्र रुमानियन सैन्यानं राखलेल्या कच्च्या बाजू फोडल्या आणि चार दिवसांत वेढा पूर्ण केला. डिसेंबरात बाहेरून वेढा फोडायचा मान्श्टाइनचा प्रयत्न फसला. ३१ जानेवारी १९४३ ला पाउलस एका डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातून शरण आला, उत्तरेकडचा उरलेला गट २ फेब्रुवारीला. सुमारे ९१ हजार कैदी झाले. त्यांतले पाच-सहा हजारच पुढे घरी परतले.

इतकं सगळीकडे सारखंच मिळेल. पुस्तकं वेगळी होतात ती यापुढे: कुणाचं चुकलं, किती मेले, का लढले. आणि तिथे लेखकाच्या हुशारीइतकंच महत्त्व याला असतं की तो लिहायला बसला तेव्हा कोणाचं दप्तर, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचा साठा, उघडं होतं.

मराठी वाचकाला हे नवं वाटायला नको. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं. पुढची कित्येक वर्षं आपण ते बखरींतून ऐकलं, आणि बखर म्हणजे भाऊसाहेबांना रागवायचं की रडायचं हे आधी ठरवून सांगितलेली हकीकत. १८९८ मध्ये राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, त्यात त्या काळची अस्सल पत्रं आली. रसद, पैसा, कोण कुठे अडकलाय याची रोजची कटकट आली. १९३० नंतर पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले गेले. शेजवलकरांचं मराठी 'पानिपत : १७६१' आलं १९६१ मध्ये, लढाईला दोनशे वर्षं झाल्यावर. लढाई तीच, पण प्रत्येक पेटारा उघडला तशी माणसं बदलत गेली. ठाण्यात तर हे सांगायला फार लांब जायला नको. १८९३ मध्ये इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय उभं करणाऱ्यांत विनायक लक्ष्मण भावे होते, जुन्या पोथ्यांच्या मागे लागून 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे. मूळ पोथी बघितल्याशिवाय बोलू नये, ही खोड या गावाला जुनी आहे. इंग्रजी जाडजूड पुस्तक हातात आलं की मात्र आपण ती विसरतो. माझंही तसंच झालं होतं; ते पुढे येईल.

स्टालिनग्राडची पहिली 'बखर' लढाई संपायच्या आतच तयार झाली. ३० जानेवारी १९४३ ला, पाउलस अजून तळघरात असताना, हिटलरचा सहकारी ग्योरिंगनं बर्लिनमधल्या भाषणात थर्मोपिलीचे स्पार्टन काढले, म्हणजे शेवटच्या माणसापर्यंत लढून मेलेले प्राचीन ग्रीक. जर्मन जनतेला सांगितलं गेलं की सगळे शेवटच्या गोळीपर्यंत लढून पडले. ९१ हजार जिवंत कैद्यांचं काय, हा प्रश्न गिळला गेला. सोव्हिएत बाजूला जनरल स्टाफनं १९४३ मध्येच लढाईचा रोखठोक अभ्यास केला, चुकांसकट. पण तो आपल्या अधिकाऱ्यांपुरता. बाहेरच्या वाचकाला तो इंग्रजीत मिळायला १९८९ उजाडलं.

मधल्या काळात बोलले ते हरलेले सेनापती. इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडच्या कपाटांत अजूनही हाच थर सर्वांत जाड आहे.

युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याला पुढच्या शत्रूची, म्हणजे रशियाची, माहिती हवी होती. ती होती कैदेतल्या जर्मन अधिकाऱ्यांकडे. त्यांना कागद-पेन्सिल देऊन अनुभव लिहायला बसवलं गेलं. या कामाचा प्रमुख जर्मन माणूस फ्रान्झ हाल्डर, जर्मन भूदलाचा माजी चीफ ऑफ स्टाफ, ज्याला हिटलरनं सप्टेंबर १९४२ मध्ये, स्टालिनग्राड पेटलेलं असतानाच, घरी पाठवलं होतं. त्याला हिटलरवर दात धरायला कारण होतं आणि आपल्या सहकाऱ्यांना सांभाळून घ्यायलाही. त्या लिखाणातून एक सुबक चित्र निघालं: सेनापती बरोबर, हिटलर वेडा, थंडी भयंकर, रशियन असंख्य. १९५५ मध्ये मान्श्टाइनच्या आठवणी आल्या, मराठीत म्हणायचं तर 'हातचे गेलेले विजय'. वाचनीय पुस्तक आहे, नाकारत नाही. पण २४ नोव्हेंबर १९४२ ला, वेढा पडून एक दिवस झाला असताना, खुद्द मान्श्टाइननं वरिष्ठांना दिलेला अंदाज असा होता की पाउलसनं लगेच बाहेर पडण्यापेक्षा मदतीची वाट बघणं परवडेल. पुस्तकात हा सूर बराच मऊ झालाय.

याच १९५५ मध्ये रशियातून शेवटचे जर्मन युद्धकैदी सुटू लागले. म्हणजे वेढ्यात होते ते छावण्यांत किंवा जमिनीखाली, आणि वेढ्याबाहेर होते ते लिहीत होते. पाउलस स्वतः १९५७ मध्ये ड्रेस्डेनला वारला, आठवणींचं पुस्तक न काढता.

१९५० मध्ये जर्मनीत वेढ्यातल्या सैनिकांच्या शेवटच्या पत्रांचा एक संग्रह निघाला. पत्रं कुणाची, त्यावर नाव नाही. त्याची इंग्रजी प्रत मी कॉलेजात असताना स्टेशनबाहेर फुटपाथवर घेतली होती. आतल्या पानावर पेन्सिलीनं किंमत लिहिलेली होती, वीस रुपये. एका पत्रात पियानोचा उल्लेख होता. ते मी मित्रांना मोठ्यानं वाचून दाखवायचो, घोगरा आवाज काढून. पुढे कधीतरी कळलं की अभ्यासक ही पत्रं अस्सल मानत नाहीत, बरीचशी मागाहून रचलेली समजतात. वीस रुपयांचं दुःख नव्हतं. घोगऱ्या आवाजाचं होतं.

सोव्हिएत थराची तऱ्हा वेगळी. शहरातल्या ६२ व्या आर्मीचा सेनापती चुइकोव्ह, त्याच्या आठवणी १९५९ मध्ये निघाल्या. जर्मनांच्या अंगाला इतकं चिकटून राहायचं की त्यांच्या विमानांना आपल्याच माणसांवर बॉम्ब पडायची भीती वाटावी, ही युक्ती त्याच्या तोंडून वाचण्यात मजा आहे. पण त्या वेळी सत्तेवर होते ख्रुश्चेव्ह, जे लढाईत त्याच आघाडीवर राजकीय अधिकारी होते. साहजिकच त्या वर्षांतल्या इतिहासात ते पानोपानी भेटतात आणि सोव्हिएत सेनापती झुकोव्ह आक्रसतो. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह सत्तेवरून गेले. मग ते पुस्तकांतूनही गेले, आणि १९६९ ला झुकोव्हच्या आठवणी आल्या. शहराचंही नाव एव्हाना व्होल्गोग्राड झालं होतं, १९६१ पासून.

सत्तरच्या दशकात जरा मोकळी हवा आली. क्रेगनं वाचलेल्या माणसांना गाठून मुलाखती घेतल्या. त्यातूनच ते द्वंद्व जगभर गेलं. मुलाखत हा ऐवज मोलाचा, पण तीस वर्षांनी माणूस आपण बघितलेलं आणि आपण वाचलेलं यांची सरमिसळ करतो. १९७४ मध्ये मान्फ्रेट केरिगनं जर्मन कागदांवरून भलामोठा अभ्यास काढला, जो अजूनही सगळे जण वापरतात. १९७५ मध्ये जॉन एरिक्सननं सोव्हिएत छापील साहित्य पिंजून रशियन बाजू इंग्रजीत उभी केली. तोवर इंग्रजी वाचकाला रशियन म्हणजे बर्फातून येणारी एक लाट, एवढंच माहीत होतं.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळला आणि मॉस्कोजवळच्या पोदोल्स्कचं लष्करी दप्तर किलकिलं झालं. १९९३ मध्ये जनरल क्रिव्होशेयेव्हच्या गटानं नुकसानीचे आकडे छापले: स्टालिनग्राडच्या दोन्ही टप्प्यांत मिळून ४,७८,७४१ माणसं कायमची गेली, म्हणजे मेली, बेपत्ता किंवा कैद झाली. जखमी आणि आजारी साडेसहा लाख वेगळे. पन्नास वर्षं हा आकडा कुठल्याच सोव्हिएत पुस्तकात नव्हता.

बीव्हरचं पुस्तक या लाटेवरचं. ओघ सुंदर, सामान्य शिपाई दिसतो, म्हणून भाच्याला मी आधी तेच दिलं. पण देताना एका आकड्यावर बोट ठेवलं. सोव्हिएत यंत्रणेनं या लढाईत आपलेच १३,५०० सैनिक मारले, असं त्यात आहे. योखेन हेलबेक या इतिहासकाराला हे पटत नाही. मागे हटणाऱ्यांना अडवणाऱ्या तुकड्यांचा एक अहवाल उपलब्ध आहे, १ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर १९४२ चा. त्यात स्टालिनग्राड आघाडीवर १५,६४९ जणांना अडवलं आणि २७८ जणांना गोळ्या घातल्या असं आहे. आता हे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. मुदत वेगळी, मारणारी यंत्रणाही सगळी एक नव्हे. पण 'पाठीत पिस्तूल म्हणून रशियन लढले' असं छातीठोक लिहायच्या आधी निदान दोन्ही आकडे समोर हवेत.

हेलबेकनं स्वतः जे बाहेर काढलं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. लढाई चालू असताना आणि संपताच इतिहासकार इसाक मिंट्सच्या आयोगानं शहरात जाऊन लोकांच्या मुलाखती घेतल्या होत्या. सेनापती, परिचारिका, कामगार, असे २१५ साक्षीदार. स्टेनोग्राफरनं शब्दन् शब्द टिपलेला. इतकं खरं बोललेलं तेव्हाच्या राजवटीला छापवेना, ते पडून राहिलं. २०१२ ला जर्मनीत, २०१५ ला इंग्रजीत आलं. इथे तीस वर्षांची गाळणी नाही. भीती मात्र आहे, कारण बोलणाऱ्याला माहीत होतं की समोरचा सरकारी माणूस लिहून घेतोय. तेवढं गृहीत धरून वाचायचं.

डेव्हिड ग्लांट्झ आणि जोनाथन हाउस यांचे खंड २००९ ते २०१४ या काळात आले. दोन्ही बाजूंचे रोजचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून कोणती रेजिमेंट कोणत्या चौकात होती, इथवर. खरं सांगायचं तर कोरडं आहे. सलग वाचलं असं सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही. मी ते शब्दकोशासारखं वापरतो: दुसऱ्या पुस्तकात काही खटकलं की तारीख काढून इथे बघायचं. ज्याला एवढं नको त्याच्यासाठी त्यांनीच २०१७ मध्ये एका खंडात आटोपलंय.

तेव्हा पुस्तक हातात आलं की मी पहिलं प्रकरण वाचत नाही. छापल्याचं साल बघतो, मग थेट शेवटी जाऊन टिपा. टिपांत फक्त जर्मन नावं असतील तर ते पन्नाशीच्या दशकातलं लोणचं आहे, मुखपृष्ठ कितीही नवं असो. मग नकाशे. शहरातल्या लढाईच्या पुस्तकात कारखान्यांचा नकाशा नसेल तर ते ठाण्याचा पत्ता 'स्टेशनजवळ' असा सांगण्यासारखं आहे.

भाचा दोन महिन्यांनी परत आला. या वेळी त्याच्या डोक्यात पाव्हलोव्हचं घर होतं, ती चार मजली इमारत जी मूठभर सैनिकांनी ५८ दिवस धरून ठेवली असं सांगतात. सार्जंट पाव्हलोव्हला १९४५ मध्ये सोव्हिएत संघाचा वीर हा किताब मिळाला. पण त्या घरातल्या तुकडीचा कमांडर बहुतेक दिवस लेफ्टनंट अफनासेव्ह होता, आणि हे त्याला तीन पुस्तकांपैकी एकातच सापडलं होतं. "मामा, अफनासेव्हनं स्वतः काही लिहिलंय का?"

लिहिलंय, म्हटलं, पण रशियनमध्ये.

परवा व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो आला. वहीचं पान, त्यावर तेहेतीस रशियन मुळाक्षरं, शेजारी देवनागरीत उच्चार. तीन चुकले होते.